मामुर्डीची पोरं कुठे गेली?

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत एक निवासी फुटबॉल अकॅडमी होती. तिथून पोरं भारताच्या संघापर्यंत गेली. अकॅडमी ज्यांची होती ते दोन्ही क्लब मात्र आज नाहीत. खेळाडू घडायला लागतात दहा वर्षं, क्लब टिकतो पाच. या हिशेबात मधल्या मधे अडकतात ती चौदा ते एकोणीस वयाची मुलं.

रविवारी सकाळी निगडीतल्या मैदानावर माझा मामेभाऊ येतो तेव्हा त्याच्याकडे दोन बॅगा असतात. एकीत सेफ्टी शूज आणि रिकामा डबा, दुसरीत स्टड. शनिवारची नाईट करून चाकणहून कंपनीच्या बसने तो थेट मैदानावर उतरतो. घरी जाऊन झोप म्हटलं तर म्हणतो, ‘झोपलो तर उठणार नाही गं. आधी खेळतो, मग झोपतो.’

दादा चोवीस वर्षांचा आहे. एका व्हेंडर कंपनीत लाइनवर असतो. चौदाव्या वर्षी तो आमच्या अख्ख्या खानदानाचा स्टार होता. शाळेच्या स्पर्धेत त्याचा खेळ पाहून एका खासगी अकॅडमीवाल्यांनी मामाला गाठलं. भिंतीवर परदेशी क्लबचा लोगो, पोरांच्या अंगावर त्यांचीच जर्सी, आणि तिमाही फी. भोसरीच्या एमआयडीसीत ओव्हरटाइम करून मामाने ती दोन वर्षं भरली. मग एका संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला की मैदानाचा करार संपलाय, पुढची बॅच कळवू. ती बॅच आलीच नाही. दादा तेव्हा दहावीत होता.

तो भारताकडून खेळला असता का? माहीत नाही. खरं सांगायचं तर बहुतेक नसताच खेळला. पण त्याला आजही एका गोष्टीची चुटपुट आहे. तू कुठे कमी पडतोस, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नाही. या स्टोरीसाठी वाचायला घेतलं तेव्हा कळलं की ही चुटपुट फक्त आमच्या घरातली नाही.

एक्स्प्रेस वेच्या कडेचं गाव

मुंबईहून एक्स्प्रेस वेने परत येताना गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम दिसलं की आपण ‘आलं घर’ म्हणतो. त्याच्या शेजारचं गाव मामुर्डी. देहूरोडजवळच्या या गावात २०११ मध्ये पुणे एफसीने आपली निवासी अकॅडमी सुरू केली होती. आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे? मला इंटर्नशिप लागेपर्यंत नव्हतं, आणि मी तिथून पंधरा-वीस मिनिटांवर राहते.

पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला. मालक अशोक पिरामल ग्रुप, होम ग्राउंड बालेवाडी. क्लब दोन वर्षांत आय-लीगमध्ये पोचला, २०१२-१३ च्या हंगामात दुसरा आला आणि २०१४ मध्ये एएफसी कपमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबच्या स्पर्धेतही खेळला. पण या क्लबची वेगळी ओळख होती ती मामुर्डीमुळे. मोठ्या संघासाठी तयार खेळाडू विकत आणायचे आणि त्याच वेळी खाली पोरं घडवायची, हे दोन्ही एकत्र करणारे क्लब तेव्हा देशात मोजकेच होते. मामुर्डीच्या पोरांनी राष्ट्रीय पातळीवरच्या युवा लीगमध्ये विजेतेपदंही मिळवली.

इथून पुढे गेलेलं सगळ्यात गाजलेलं नाव आशिक कुरुनियनचं. केरळमधल्या मलप्पुरमचा हा मुलगा टीनएजर असताना मामुर्डीत आला. २०१६ मध्ये त्याला स्पेनच्या व्हियारेआल क्लबकडे काही महिने सरावाला जायची संधी मिळाली. पुढे तो भारताच्या संघात आला आणि जानेवारी २०१९ मध्ये आशिया कपमध्ये भारताने थायलंडला ४-१ हरवलं तेव्हा सुनील छेत्रीच्या जोडीने मैदानात होता.

याच काळात पुण्यात डीएसके शिवाजियन्सनेही लिव्हरपूल क्लबशी करार करून निवासी अकॅडमी उभी केली होती. मिझोरामचा लालियनझुआला छांगटे तिथला. डिसेंबर २०१५ मध्ये सॅफ कपमध्ये नेपाळविरुद्ध त्याने दोन गोल मारले तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पुढे २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मान त्याला मिळाला.

म्हणजे एका वेळी पुणे परिसरात दोन निवासी अकॅडमी, दोन आय-लीग क्लब आणि २०१४ पासून आयएसएलचा एफसी पुणे सिटी. फुटबॉलवेड्या पोरासाठी याहून चांगला काळ कुठला?

आणि मग एकेक दिवा विझत गेला. २०१५ मध्ये पुणे एफसीने आय-लीग सोडली. त्यांची अकॅडमी एफसी पुणे सिटीने घेतली, त्यामुळे ती काही काळ वाचली. २०१७ मध्ये डीएसके शिवाजियन्स बाहेर पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आर्थिक अडचणींमुळे एफसी पुणे सिटीच बंद झाला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबाद एफसीला गेली.

या गोष्टीला एक मराठी शेवट आहे. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्यात सरकारी क्रीडा प्रबोधिनीत शिकला, २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला, आणि २०२१-२२ मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या संघातही होता. तो संघ कुठला? हैदराबाद एफसी. पुण्यात घडलेला कोल्हापूरचा पोरगा चॅम्पियन झाला, तो पुण्याच्या रिकाम्या जागेवर उभ्या राहिलेल्या संघाकडून.

अकॅडमीत नेमकं घडतं काय?

आपल्याला वाटतं अकॅडमी म्हणजे पहाटे उठून पळणं, कोन लावून ड्रिब्लिंग आणि संध्याकाळी मॅच. पळणं असतंच. पण चांगल्या अकॅडमीचं खरं काम न दिसणारं आहे.

पहिलं काम वयाचं. मुलं १३, १५, १७, १९ वर्षांखालच्या गटांत खेळतात आणि कट-ऑफ असते १ जानेवारी. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे कधी अर्धा फूट उंची. निवड करणाऱ्याला मोठा, वेगवान पोरगा दिसतो आणि लहानखुरा पण हुशार पोरगा घरी जातो. परदेशी अकॅडमींवर झालेल्या अभ्यासांत हेच पुन्हा पुन्हा दिसलंय. निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा जास्त असतो. यावर उपाय म्हणून इंग्लंडमधल्या काही अकॅडमी आता मुलांना अधूनमधून जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट करून खेळवतात. त्याला बायो-बँडिंग म्हणतात. आपल्याकडे वयचोरी हा वेगळाच ताप. म्हणून मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात.

दुसरं काम शरीराचं. १३-१४ च्या आसपास मुलं झपाट्याने उंच होतात. हाडं आधी वाढतात, स्नायू मागे राहतात. गुडघ्याच्या खाली टेंगूळ येतं, दुखतं. याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात. बहुतेकांचं ते काही काळाने बरं होतं, पण तोपर्यंत सरावाचा भार कमी करावा लागतो. दादाला हेच झालं होतं. त्याला सांगितलं गेलं, ‘तेल लाव आणि पळ.’ फिजिओ असलेली अकॅडमी आणि नसलेली अकॅडमी यातला फरक इतका साधा आहे.

तिसरं काम डोक्याचं. छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार खेळवलं की प्रत्येक पोराच्या पायाला बॉल जास्त वेळा लागतो आणि दर दोन-तीन सेकंदांनी काहीतरी ठरवावं लागतं. पास द्यायचा की वळायचं? मागे कोण आहे? कोच बाहेरून ओरडून सांगत राहिला तर पोरगं ठरवायला शिकत नाही. भारतात मुलं पद्धतशीर सराव खूप उशिरा सुरू करतात ही जुनी तक्रार आहे. म्हणूनच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये लहानग्यांसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली.

आणि चौथं काम घराचं. मलप्पुरमहून, मिझोरामहून पंधरा वर्षांचा मुलगा मामुर्डीसारख्या ठिकाणी येतो. भाषा वेगळी, जेवण वेगळं, जूनमध्ये धो धो पाऊस. त्याची शाळा, परीक्षा, ताप आल्यावर डोक्यावरचा हात, हे सगळं अकॅडमीच्या हिशेबात धरावं लागतं.

या चार कामांना वेळ किती लागतो? तेराव्या वर्षी आलेला पोरगा मोठ्या संघात स्थिरावायला सहा ते आठ वर्षं. पुणे एफसीने मामुर्डी सुरू केली २०११ मध्ये आणि लीग सोडली २०१५ मध्ये. चार वर्षं! पहिल्या बॅचमधलं तेरा वर्षांचं पोरगं तेव्हा जेमतेम सतराचं झालं असेल.

पैसा परत येतो कसा?

अकॅडमी हा तोट्याचा धंदा वाटतो, पण फुटबॉलच्या जगात तो पैसा परत येण्याची सोय आहे. फिफाचा नियम असा की करारात असलेला खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबना मिळतात. बारा ते पंधरा या वयाच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळा ते तेवीसच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. एक कोटीला विकल्या गेलेल्या खेळाडूची सोळावं आणि सतरावं अशी दोन वर्षं तुमच्याकडे गेली असतील, तर तुमचे एक लाख.

युरोप, ब्राझीलमधले छोटे क्लब या पैशावर श्वास घेतात. आपली अडचण अशी की भारतीय खेळाडू परदेशी क्लबला मोठ्या रकमेला विकला जाणं अजून फार दुर्मिळ आहे. म्हणजे पेरणी आपल्याकडे आहे, बाजार समिती नाही. आणि समजा उद्या एखाद्याची लॉटरी लागलीच, तर पैसे घ्यायला तो क्लब तर जिवंत हवा!

म्हणून आपल्याकडे अकॅडमी मालकाच्या मर्जीवर चालते. मालकाचा मूळ धंदा अडचणीत आला की कात्री कुठे लागते? मोठ्या संघातल्या परदेशी स्ट्रायकरचा करार सहीचा असतो. वसतिगृहातल्या पोराकडे कराराचा कागद असेलच असं नाही.

कारखाने आहेत, क्लब नाही

आता आपल्या शहराकडे बघा. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी जर्मनीत व्हीएफएल वोल्फ्सबर्ग पहिल्यांदा बुंडेसलिगा जिंकला. हा क्लब फोक्सवॅगनच्याच मालकीचा. वोल्फ्सबर्ग हे शहरच मुळात त्या कारखान्यासाठी वसवलेलं, आपल्या पिंपरी-चिंचवडसारखं. तिथल्या क्लबच्या महिला संघाने २०१३ आणि २०१४ अशी सलग दोन वर्षं चॅम्पियन्स लीग जिंकली. नेदरलँड्समधला पीएसव्ही हा फिलिप्सच्या कामगारांसाठी निघालेला क्लब, जर्मनीतला लेव्हरकुझेन हा बायरच्या कामगारांचा. शिफ्ट सुटल्यावर खेळायला म्हणून सुरू झालेले हे दोन क्लब शंभरी पार करून गेलेत.

आपल्याकडेही कंपन्यांचे संघ होते. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली होती. २०१० मध्ये तो संघ बंद झाला.

पण एक अपवाद ठसठशीत आहे, जमशेदपूरचा. टाटा फुटबॉल अकॅडमी १९८७ मध्ये सुरू झाली. कार्लटन चॅपमन, रेनेडी सिंग, महेश गवळी, सुब्रता पाल अशी भारताकडून खेळलेल्यांची मोठी यादी तिथून निघाली. जमशेदपूरचा आयएसएल संघ आला २०१७ मध्ये. म्हणजे तीस वर्षं ही अकॅडमी वरच्या लीगमधल्या स्वतःच्या संघाशिवाय चालली. मोठा संघ जिंकतो की हरतो यावर तिचं पोट अवलंबून नव्हतं. मला वाटतं मामुर्डी आणि जमशेदपूर यांतला खरा फरक इथे आहे. प्रतिभा दोन्हीकडे आली आणि कोचही होते. पण एका ठिकाणी अकॅडमी क्लबच्या खांद्यावर होती, तर दुसरीकडे ती स्वतःच्या पायावर उभी राहिली.

हे आपल्याकडे अशक्य आहे का? २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत बसतं. चाकण ते भोसरी पट्ट्यात किती कंपन्या आहेत हे सकाळी तळवडे चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणालाही विचारा. बालेवाडीचं क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं, तिथे २०२२ मध्ये महिलांच्या आशिया कपचे सामने झाले. मैदान आहे, पैसा आहे आणि पोरंही आहेत. हवा आहे तो दहा वर्षं न हलणारा करार.

जे सिलेक्ट होत नाहीत त्यांचं काय?

हा प्रश्न आपल्या वयाचा आहे, म्हणून शेवटी ठेवलाय.

कुठल्याही अकॅडमीत, अगदी जगातल्या उत्तम अकॅडमीतही, बहुतेक मुलं प्रोफेशनल होत नाहीत. वीस जणांच्या बॅचमधून एक-दोन वर गेले तरी अकॅडमी यशस्वी म्हणतात. मग उरलेले अठरा काय, स्क्रॅप? आपल्या पट्ट्यात हा शब्द रोजचा आहे. जॉब रिजेक्ट झाला की तो लाल बिनमध्ये जातो. पोरांसाठी असा बिन नसतो. ती एकोणिसाव्या वर्षी घरी येतात, मित्र सेकंड इयरला असतात आणि यांच्याकडे असते फक्त मेडलची पिशवी.

इंग्लंडमध्ये यावर उशिरा का होईना बोललं जातंय. क्रिस्टल पॅलेस क्लबने अकॅडमीतून सोडलेल्या तरुण खेळाडूंसाठी तीन वर्षांची मदत योजना जाहीर केली. दुसरा क्लब शोधायचा, शिकायचं की नोकरी करायची, यात क्लबचा माणूस सोबत राहतो. आपल्याकडे एवढं तरी व्हावं की मुलगा अकॅडमीत असताना त्याची दहावी-बारावी सुटू नये, आणि सोडताना त्याला समोर बसवून कारण सांगावं.

शिवाय फुटबॉलमध्ये खेळाडू हीच एक नोकरी नाही. रेफ्री, फिजिओ, स्ट्रेंथ कोच, व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट, ग्रासरूट कोच, आणि हो, माझ्यासारखे लिहिणारे. अकॅडमीत पाच वर्षं काढलेल्या पोराला खेळ जितका कळतो तितका डिग्रीवाल्याला कळत नाही. फक्त हे त्याला सोळाव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं.

अकॅडमी निवडताय? हे विचारा

धाकट्या भावाबहिणीला अकॅडमीत घालायचं असेल तर फी भरण्याआधी घरच्यांनी एवढं विचारावं:

- मैदान स्वतःचं की भाड्याचं? करार किती वर्षांचा?
- परदेशी क्लबचा लोगो आहे, पण करार नेमका कशाचा? तिथले कोच येतात की फक्त नाव वापरलंय?
- कोचकडे महासंघाचं लायसन्स आहे का? कुठल्या लेव्हलचं?
- मागच्या वर्षी ही मुलं किती अधिकृत सामने खेळली? कुठल्या लीगमध्ये?
- दुखापत झाली तर कोण बघतं?
- शाळा आणि परीक्षेचं काय?
- मुलाच्या प्रगतीचा लेखी रिपोर्ट मिळतो का?
- मुलींची बॅच आहे का? नसेल तर का नाही?

शेवटचा प्रश्न माझा. शाळेत दादाच्या जोडीने मीही खेळायचे. माझ्यासाठी कुणी मामाला गाठलं नव्हतं.

दादा मागच्या वर्षापासून रविवारी दहा-बारा पोरांना शिकवतो. फी नाही, स्वतःच्या पगारातून दोन बॉल आणलेत. महासंघाचं कोचिंग लायसन्स करायचं त्याच्या डोक्यात आहे, सुट्टी मिळाली की. परवा त्यांच्यातल्या एका पोराचा गुडघा दुखत होता. दादाने त्याला बसवलं, हाताने टेंगूळ चाचपलं आणि म्हणाला, ‘दोन आठवडे पळायचं नाही. उद्या डॉक्टरला दाखव.’ पोरगं रडवेलं झालं. पुढच्या रविवारी सिलेक्शन ट्रायल होती.

‘ट्रायल परत येईल,’ दादा म्हणाला. ‘दहावीचा फॉर्म भरलास का?’